आदिवासी बांधवांची भाजीपाला शेती आणि आपली ऊसतोड

गळीत हंगाम तोंडावर आला म्हणजे सभासदांच्या तोंडी दोनच प्रश्न असतात. यंदा भाव काय मिळणार आणि तोड कधी येणार? पहिल्या प्रश्नाची चर्चा वार्षिक सभेत भरपूर होते. दुसऱ्या प्रश्नाची चर्चा मात्र “काय करता, मजूरच मिळत नाहीत हो” या एका वाक्यावर संपते. मजूर का मिळत नाहीत, हे विचारायला कोणी थांबत नाही. ज्या गावांतून तोडणीच्या टोळ्या निघतात त्या गावांच्या शिवारात काय पिकते, दिवाळीनंतर तेथील विहिरीत किती पाणी उरते आणि त्या पाण्यावर काय लावले जाते, यावर आपल्या फडातील कोयत्यांची संख्या ठरते. म्हणून सभासद बंधु-भगिनींनो, आज उसाच्या पानावर थोडी भाजीपाल्याची गोष्ट करायची आहे.

कोयता घराबाहेर का पडतो?

सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा किंवा भिल्ल शेतकरी घ्या, नाहीतर साक्री-नवापूरकडचा कोकणी वा मावची शेतकरी घ्या. सर्वसाधारणपणे जमीन दोन-तीन एकर, तीही उताराची आणि हलकी. पावसावर ज्वारी, नागली, भात, तूर, उडीद असे काहीतरी येते. दसऱ्या-दिवाळीपर्यंत ते घरात आले की शेत मोकळे. पुढचे सात-आठ महिने त्या जमिनीला काम नाही, कारण पाणी नाही. खाणारी तोंडे मात्र तेवढीच. त्यातच कोणाचे आजारपण निघते, कोणाचे लग्न ठरते. नेमक्या अशा वेळी मुकादम दारात येतो आणि उचल देतो.

ही उचल म्हणजे नवरा-बायकोच्या पुढील पाच-सहा महिन्यांच्या श्रमाची आगाऊ विक्री होय. दोघांचा मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. तोडणाऱ्या जोडप्याला हत्याराच्याच नावाने मोजण्याची ही रीत आहे. आपल्या खानदेशातून असे हजारो कोयते दक्षिण गुजरातमधील बारडोलीसारख्या सहकारी कारखान्यांकडे अनेक दशके जात आले आहेत. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात या टोळ्यांचा बारकाईने अभ्यास करून त्यांच्या हलाखीचे वर्णन जगापुढे ठेवले. पाचटाची झोपडी, पहाटेच्या थंडीतील तोड, अर्ध्यावर सुटलेली पोरांची शाळा, आणि होळी तरी घरी व्हावी म्हणून होणारी जिवाची तळमळ, हे सारे आपल्यापैकी ज्यांनी फडावर उभे राहून तोड करवून घेतली आहे त्यांनी पाहिलेले आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आदिवासी शेतकरी म्हणजे केवळ कोयता, असे समजणे चूक आहे. नवापूर तालुक्यातील डोकारे येथे उभा राहिलेला आदिवासी सहकारी साखर कारखाना याची साक्ष आहे. पाणी मिळाले तर तोही ऊस लावतो, तोही भागधारक होतो. परंतु ज्याच्याकडे पाणी थोडे आणि जमीन थोडी, त्याला ऊस परवडत नाही. ऊस वर्ष-दीड वर्ष जमीन अडवतो, बारमाही पाणी मागतो आणि पैसा हप्त्या-हप्त्याने देतो. दोन एकरवाल्याला एवढी वाट कशी पाहता येईल?

ज्याला जमीन कमी आणि हात जास्त

भाजीपाल्याचे गणित वेगळे आहे. भेंडी, गवार लावल्यापासून सुमारे दीड-दोन महिन्यांत तोडायला येते. मिरचीचे रोप पाच-सहा आठवड्यांत तयार होते, लावणीनंतर दोन-अडीच महिन्यांनी हिरवी मिरची सुरू होते आणि मग आठ-दहा दिवसांनी तोडा चालू राहतो. गिलके, दोडके, कारले मांडवावर चढले की दोन-तीन दिवसांआड माल निघतो. म्हणजे पैसा वर्षातून एकदा न येता आठवडे बाजाराच्या हिशेबाने येतो. ज्याच्या घरी रोजचे मीठ-मिरची, तेल, दवाखाना हातावरच्या पैशावर चालतो, त्याच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. आठवड्याला पाचशे-हजार रुपये येत राहिले की मुकादमाची एकरकमी उचल घेण्याची निकड कमी होते.

दुसरे असे की, भाजीला क्षेत्र थोडे चालते पण हात फार लागतात. रोपे करणे, लावणी, खुरपणी, मांडव बांधणे, तोडा, निवड, बाजार. मोठ्या बागायतदाराला हे सगळे मजुरीने करून घ्यावे लागते आणि तिथेच त्याचा नफा जातो. लहान शेतकऱ्याच्या घरात हे हात असतातच. जमीन कमी आणि हात जास्त अशा घराला हे पीक शोभते.

आणि हेच ते हात, जे आपल्याला नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत फडात हवे असतात! रब्बी आणि उन्हाळी भाजीचा हंगाम आणि आपला गळीत हंगाम एकाच काळात येतात. तेव्हा भाजी आणि तोड यांची ओढाताण होणारच. ज्या घरी दिवाळीनंतर अर्धा एकर मिरची उभी आहे, त्या घरचे जोडपे कोयता खांद्यावर घेऊन निघणार नाही. सभासदांच्या सोयीच्या दृष्टीने ही अडचण असेल, पण त्या घराच्या दृष्टीने ती सुटका आहे.

भाजी ही आदिवासी घराला नवी नाही, हेही ध्यानात घ्यावे. झोपडीच्या छपरावर चढलेला भोपळा, कुडाच्या आधाराने वाढलेली दोडकी, मक्यात लावलेली काकडी हे त्यांच्या घरचेच. पावसाळ्यातील रानभाज्यांची जी ओळख त्यांच्या बायकांना आहे ती आपल्या कृषि पदवीधरांनाही नसेल. नवे आहे ते विकण्यासाठी पिकवणे. नंदुरबार भागात हे मिरचीने फार पूर्वीच दाखवून दिले. तेथील बाजारात ओली लाल मिरची येते, व्यापारी ती गावाबाहेरच्या मोकळ्या पथाऱ्यांवर वाळवतात आणि तेथून ती देशभर जाते. त्या आवकेत आदिवासी शेतकऱ्याचाही वाटा आहे.

आधी पाणी, मग बियाणे

“चांगले बियाणे दिले, औषध दिले, की भाजी झालीच” असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. वास्तविक पाहता बियाण्याची पुडी ही शेवटची गोष्ट आहे. पहिली गोष्ट पाणी. ते कसे उभे राहते याचे उदाहरण आपल्या खानदेशातच आहे.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या पलीकडे डोंगरात बारीपाडा नावाचे सुमारे शंभर उंबऱ्यांचे आदिवासी गाव आहे. १९९० च्या सुमारास येथील जंगल तुटून डोंगर उघडे पडले होते आणि बायांना पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागत होती. गावातलेच शिकलेले तरुण श्री. चैत्राम पवार यांनी पुढाकार घेतला. गावाने समिती केली. कुऱ्हाडबंदी झाली, चराईबंदी झाली, लाकूड तोडणाऱ्याला दंड ठरला आणि रानाची राखण गावानेच अंगावर घेतली. असे सुमारे ४४५ हेक्टर जंगल गावाने सांभाळले. त्यासोबत नाल्यांना आणि उतारांना दगड-मातीचे लहान लहान बांध घातले. रान राखले तसे पाणी जमिनीत मुरले आणि विहिरींना टिकू लागले.

पाणी टिकल्यानंतर पिके बदलली. पावसाळी भाताबरोबर कांदा, बटाटा, भाजीपाला आला. काहींनी ऊस लावून त्याचा सेंद्रिय गूळ केला. कामासाठी गाव सोडून जाणे जवळपास थांबले. २००४ पासून तेथे रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते आणि दूरदूरचे लोक ती पाहायला जातात. श्री. पवार यांना २०२५ साली पद्मश्री देऊन भारत सरकारने या कामाचा गौरव केला. सभासदांनी यातला क्रम लक्षात घ्यावा: आधी रान, मग पाणी, मग विहीर आणि सर्वांत शेवटी भाजी. हा क्रम उलटा केला की योजना कागदावर राहते.

सीमेपलीकडे गुजरातच्या वांसदा भागात बाएफ या संस्थेने १९८२ पासून ‘वाडी’ नावाची पद्धत सुरू केली. मणिभाई देसाई यांनी पुणे जिल्ह्यातील उरुळीकांचन येथे १९६७ साली स्थापलेली ही संस्था. पद्धत अगदी साधी. आदिवासी कुटुंबाच्या एक एकर जमिनीवर आंबा, काजू अशी झाडे लावायची, कडेने जळण-चाऱ्याच्या झाडांचे कुंपण करायचे, आणि झाडे मोठी होईपर्यंतची जी चार-पाच वर्षे, त्यात ओळींच्या मधल्या पट्ट्यात भाजीपाला घ्यायचा. फळाचा पैसा उशिरा, भाजीचा लवकर. तोपर्यंत घर चालते, म्हणून माणूस झाडे सोडून जात नाही. हीच पद्धत पुढे महाराष्ट्रात जव्हार भागात आली आणि नाबार्डने २००३-०४ पासून आदिवासी विकास निधीतून देशात अनेक ठिकाणी नेली. जव्हार-विक्रमगडकडे तर भाजीसोबत मोगराही लावतात. त्याची रोजची कळी रोजचा पैसा देते.

सातबारा आणि घरधनीण

तिसरी गोष्ट कागदाची. डोंगरातील पुष्कळ जमिनी पिढ्यान्पिढ्या कसल्या जात होत्या, पण त्यांना कागद नव्हता. कागद नाही म्हणून विहीर नाही, विहीर नाही म्हणून वीज नाही, आणि त्यामुळे दुसरे पीकही नाही. २००६ साली वनहक्क कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला कसत असलेल्या क्षेत्रावर, कमाल ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळण्याची वाट मोकळी झाली. ही जमीन वारसाने जाते, पण विकता येत नाही. त्यामुळे ती सावकाराच्या घशात जात नाही हा मोठा फायदा आहे. तोटा असा की, गहाण ठेवता येत नसल्याने बँका कर्जाला कचरतात, आणि मग शेतकरी बियाणे-औषधाच्या दुकानदाराकडे उधारीला जातो.

या कायद्याने पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे दिला जातो, हे फार महत्त्वाचे आहे. कारण भाजीच्या शेतीत निम्म्याहून अधिक काम बाईचे असते आणि आठवडे बाजारात पाटी घेऊन तीच बसते. भाजीचा पैसा तिच्या पदराला बांधून घरी येतो. मुकादमाची उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते. हा फरक घरातल्या पोरांच्या शाळेवर दिसल्याशिवाय राहत नाही.

विहीर, विहीर दुरुस्ती, वीजपंप, ठिबक यांसाठी राज्य शासनाची बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे. आपल्या जळगाव जिल्ह्यासाठी आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय यावल येथे आहे. ज्या सभासदांच्या गावी भिल्ल, तडवी, पावरा शेतकरी आहेत त्यांनी ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचवावी. अर्ज भरताना सोबत बसावे. एवढ्यानेही फार काम होते.

पिकवले खरे, विकायचे कसे?

भाजी पिकवणाऱ्याचा खरा कस बाजारात लागतो. ऊस आपला कारखाना नेतो. वजन, भाव, वाहतूक यांची व्यवस्था ठरलेली आहे. भाजीला यातले काहीच नाही. तोडली त्या दिवशी विकली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी निम्म्या भावाची.

एक साधा हिशेब करून पाहू. समजा, एका शेतकऱ्याचे मिरचीचे तीन कट्टे निघाले, प्रत्येकी २० किलोचे. म्हणजे ६० किलो. गावापासून बाजारापर्यंत गाडीचे भाडे समजा ६०० रुपये. त्याने एकट्याने गाडी केली तर किलोमागे १० रुपये भाड्यातच गेले. आता दहा शेतकऱ्यांनी एकाच दिवशी तोडा धरला, ३० कट्टे एका गाडीत घातले, तर माल ६०० किलो आणि भाडे किलोमागे १ रुपया. बाजारात भाव १५ रुपये असेल तर एकट्याच्या पदरी ५ आणि गटाच्या पदरी १४. बियाणे तेच आणि मिरचीही तीच. फरक फक्त एकत्र येण्याचा.

पूर्वी या पट्टीतून आणखी एक कपात होत असे, ती अडतीची. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक दिली आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. पण हे लहान शेतकऱ्याला ठाऊक असेल तरच त्याचा उपयोग! पट्टी हातात पडली की ती वाचता आली पाहिजे. अडत कापली आहे का, तोलाई-हमाली किती, वजनात तूट किती धरली, हे विचारता आले पाहिजे. आपल्या सभासदांना उसाची पावती वाचायला संचालक मंडळाच्या पहिल्या पिढीने शिकवले. भाजीवाल्या शेतकऱ्यालाही कोणीतरी शिकवले पाहिजे.

सगळेच गोड नाही

या शेतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भाजीचा भाव कोसळला म्हणजे तोडणीचा खर्चही निघत नाही. माल बांधावर फेकल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे. मिरचीवर फुलकिडे आले, चुरडा-मुरडा पडला की शेतकरी घाबरतो आणि दुकानदार सांगेल ते औषध फवारतो. एकाच्या जागी चार औषधे एकत्र करून मारतो, तीही तोंडाला फडके न बांधता. औषध उधारीवर येते आणि माल त्याच माणसामार्फत विकावा लागतो. मग मुकादमाच्या उचलीतून सुटलेला माणूस दुकानदाराच्या उधारीत अडकतो. ती दुसरी उचलच म्हणायची.

तेव्हा तीन पथ्ये पाळावीत असे वाटते. पहिले, सगळे पाणी एका भाजीवर लावू नये. अर्ध्या एकराचे तीन भाग करून मिरची, वेलवर्गीय भाजी आणि गवार-भेंडी अशी वाटणी केली तर एकाचा भाव पडला तरी दुसरी हात देते. दुसरे, खायची ज्वारी-नागली-तूर सोडू नये. बाजार फसला तरी घरात दाणा असला म्हणजे माणूस उभा राहतो. तिसरे, रोपे स्वतःच्या गादीवाफ्यावर, शक्य तर बारीक जाळीखाली करावीत. रोग पसरवणारी कीड रोपातच अडवली म्हणजे पुढची निम्मी फवारणी वाचते.

बोदवड भागातील सभासदांसाठी

आता आपल्या बोदवडकडे येऊ. हा भाग पूर्णा-तापीच्या दक्षिणेचा, अजिंठ्याच्या डोंगराकडे चढत जाणारा. कापूस, ज्वारी, मका, तूर हे आपले मुख्य पीक आणि पाण्याची ओढ कायमची. उपसा सिंचनाचे पाणी शेतापर्यंत येईल तेव्हा येईल. तोवर विहिरीच्या थोड्या पाण्यावर काय साधेल, हा प्रश्न गावाकडेला राहणाऱ्या भिल्ल कुटुंबाला जसा आहे तसा आपल्या दोन एकरवाल्या सभासदालाही आहे. ठिबकचा मोठा उद्योग आपल्याच जळगावात वाढला. भरताच्या वांग्याला तर ‘जळगाव भरीत वांगी’ या नावाने २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भुसावळ, मलकापूर, जामनेर हे बाजार शेजारी आहेत. म्हणजे पाणी थोडे असले तरी वाट बंद नाही.

सभासदांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, ज्यांच्या विहिरीला उन्हाळ्यापर्यंत थोडे पाणी टिकते पण जमीन कसायला हात नाहीत, त्यांनी अर्धा-एक एकर भाजीसाठी गावातल्या भूमिहीन वा अल्पभूधारक आदिवासी कुटुंबाला रीतसर लेखी वाट्याने द्यावी. पाणी तुमचे, हात त्यांचे आणि हिशेब दोघांसमोर. दोन, गावागावांतील विकास सोसायट्यांनी भाजीच्या एकत्र गाडीची सोय करावी. सहकाराचा अनुभव आपल्यापाशी आहे, तो फक्त उसापुरता राखून ठेवण्याचे कारण नाही. तीन, कारखान्याच्या शेतकी विभागामार्फत ज्या माती-पाणी परीक्षणाची आणि पीक मार्गदर्शनाची सोय सभासदांसाठी होते, ती या कुटुंबांनाही खुली करावी, असा ठराव आपल्या वार्षिक सभेत मांडता येईल.

चौथी गोष्ट जरा कडू आहे. तोडणीसाठी माणूस मिळत नाही म्हणून उचलीची रक्कम वाढवत जाणे हा उपाय नव्हे. तोडणी यंत्रे आता आली आहेत. पट्टा पद्धतीने रुंद सरीवर लागण केली तरच ती नीट चालतात, तेव्हा नव्या लागणीतच सरीचे अंतर ठरवावे. आणि जे जोडपे अजूनही फडात येते, त्याला रास्त दर, राहायला धड निवारा, पिण्याचे पाणी आणि पोरांची शाळा मिळालीच पाहिजे. ज्याला घरी पर्याय आहे तो माणूस मान आणि दाम मिळाला तरच येईल. त्याला पर्याय मिळाला म्हणून आपण वाईट वाटून घ्यावे, हे सहकाराला शोभणारे नाही.

आपला कारखाना उभा राहिला तो कशासाठी? शेतकऱ्याने आपला माल दुसऱ्याच्या दयेवर विकू नये, यासाठीच ना? अर्ध्या एकरावर गिलके आणि मिरची लावणारा डोंगरातला शेतकरी आज तेच करू पाहतो आहे. येत्या वार्षिक सभेत तोडणीचा विषय निघेल तेव्हा आपल्या गटातील गावांत किती आदिवासी कुटुंबांना विहीर आहे, किती जणांच्या पट्ट्यांची नोंद सातबाऱ्यावर झाली आहे आणि किती जण भाजी करतात, याची यादी प्रत्येक गट प्रतिनिधीने सोबत आणावी, ही विनंती.